एमएसपी म्हणजे कोणती एमएसपी?

 

पोळा झाला. सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या आहेत. थोड्याच दिवसांत सोंगणी सुरू होईल आणि मग आपल्याला बसून बोलायला वेळ मिळणार नाही. म्हणून आजच एका चुकीबद्दल बोलून घेऊ. ही चूक कोण्या सखीची नाही, आमची आहे. गटांचं काम पाहणाऱ्या आम्हा समन्वयकांची.

२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. हमीभावानं सोयाबीन विकायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. ती नोंदणी सुरू झाली आणि आम्ही गटांच्या अध्यक्ष-सचिवांना आणि सख्यांना व्हॉट्सॲपवर निरोप धाडला. निरोप असा होता: ‘एमएसपी नोंदणी सुरू झाली आहे. इच्छुकांनी कागदपत्रांसह संपर्क करावा.’ धाडला आणि आम्ही मोकळ्या झालो. काम झालं असं आम्हाला वाटलं.

एका गावातल्या काकूंच्या घरी तो निरोप पोचला तेव्हा फोन त्यांच्या सातवीतल्या मुलीच्या हातात होता. त्या मुलीनं निरोप वाचला आणि ती म्हणाली, “आई, माझ्या खेळाची जाहिरात आली वाटते. नोंदणी करा म्हणतात.” काकू भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, “काढून टाक माय. बँकेतले पैसे कापतील.” मुलीनं निरोप काढून टाकला.

आता बघा, काकूंनी चुकीचं काय केलं? काहीच नाही. अनोळखी निरोप आला की त्याच्या मागं लागू नका, हे आम्हीच प्रत्येक बैठकीत सांगत होतो. त्यांनी आमचं ऐकलं. आणि आमचं ऐकल्यामुळंच आमचा निरोप पुसला गेला.

दिवाळी तोंडावर होती, मळणी यंत्राचे पैसे द्यायचे होते. काकूंनी चौदा क्विंटल सोयाबीन व्यापाऱ्याला ४,०५० रुपये क्विंटलनं घातलं. त्या हंगामाचा हमीभाव होता ४,८९२ रुपये. क्विंटलमागं ८४२ रुपयांचा फरक. चौदा क्विंटलचे झाले ११,७८८ रुपये. पुढच्या महिन्याच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, “ताई, हमीभाव लिहिलं असतं तर मले समजलं असतं.”

त्या वाक्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. काकूंचं सगळं सोयाबीन हमीभावानं गेलंच असतं, असं आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. केंद्रावर वाट पाहावी लागते, ओलावा तपासतात, दिवाळीला हातात पैसा लागतो. कदाचित सगळा विचार करून त्यांनी अर्धंच ठेवलं असतं. पण विचार करायची संधी त्यांना मिळायला हवी होती. ती तीन अक्षरांनी हिरावून घेतली.

मग आम्ही त्या मुलीला विचारलं, “बाई, तुझ्या खेळाची एमएसपी कोणती?” ती उत्साहानं सांगायला लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून मामेबहीण आली होती, तिच्या फोनवर ‘मुव्हीस्टारप्लॅनेट’ नावाचा खेळ होता. २००९ साली डेन्मार्क देशात सुरू झालेला हा मुलांचा खेळ आहे. त्यात आपली एक बाहुली तयार करायची, तिला कपडे घालायचे, तिचे छोटे सिनेमे बनवायचे, स्टारकॉइन नावाची खेळातली नाणी कमवायची. खेळाचं नाव लांबलचक, म्हणून मुलं त्याला एमएसपी म्हणतात. मुव्हीचा एम, स्टारचा एस, प्लॅनेटचा पी. म्हणजे मुलगी खोटं बोलली नव्हती. तिच्या जगात एमएसपीचा अर्थ तोच होता. फक्त एक गोष्ट आम्ही काकूंना जाताजाता सांगितली, की या खेळात व्हीआयपी व्हायचं असेल तर खरे पैसे मोजावे लागतात. एका एमएसपीत घरातला पैसा बाहेर जातो आणि दुसऱ्या एमएसपीत बाहेरचा पैसा घरात येतो, तेव्हा दोन्हींतला फरक माहीत असलेला बरा.

यानंतर आम्हाला तिसरी एमएसपीही भेटली, आणि ती भेटली लग्नाच्या बोलणीत. आमच्यातल्याच एकीच्या नात्यातलं स्थळ होतं. मुलाच्या बायोडेटात लिहिलेलं होतं: ‘नोकरी – एमएसपी, पुणे.’ मुलीचे मामा खूश झाले. त्यांनी विचारलं, “म्हणजे पाव्हणे सरकारी खरेदीत हायेत का? आमच्या तुरीचं काही जमन का मग?” मुलगा गोंधळला. तो बिचारा कॉम्प्युटरवाला.

त्याच्या एमएसपीचा अर्थ ‘मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर’. सोपं करून सांगतो. मोठ्या कंपन्या, दवाखाने, दुकानं, सगळ्यांचं काम आता कॉम्प्युटरवर चालतं. पण प्रत्येकाला स्वतःचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस ठेवणं परवडत नाही. मग ते एका दुसऱ्या कंपनीला दरमहा ठरलेले पैसे देतात. ती कंपनी दूर बसून त्यांच्या यंत्रांवर नजर ठेवते, बिघाड होण्याआधी दुरुस्ती करते, माहिती चोरीला जाऊ नये म्हणून पहारा देते, रोजची माहिती जपून ठेवते. आपल्या आजी-पणजीच्या काळात सुतार-लोहार गावाची औतं वर्षभर चालती ठेवायचे आणि सुगीला खळ्यावरून बलुतं न्यायचे. औत मोडलं की नवा सौदा करायचा नाही, वर्षाचं बोलणं आधीच झालेलं. ते आठवा, म्हणजे ही एमएसपी लगेच समजेल. मुलगा रात्री जागून परदेशातल्या कंपन्यांची औतं चालती ठेवतो, असं म्हणा. मामांना आम्ही असंच सांगितलं. लग्न जमलं, तुरीचं काही जमलं नाही.

तर मैत्रिणींनो, एक एमएसपी खेळाची, एक कॉम्प्युटरची आणि एक आपल्या शेतमालाची. अक्षरं तीच, पण घरं वेगळी. जशी एका गावात तीन शांताबाई असतात. नुसतं ‘शांताबाईला निरोप द्या’ म्हणून चालत नाही. कोणाची शांताबाई, कोणत्या आळीची, हे सांगावं लागतं.

आता आपल्या घरच्या एमएसपीकडं येऊ, कारण आपला पैसा तिथं अडकलेला आहे. तिचं पूर्ण नाव ‘मिनिमम सपोर्ट प्राइस’. सरकारी मराठीत किमान आधारभूत किंमत. आपण तिला हमीभाव म्हणतो.

हे तीन शब्द नीट ऐका. किमान, म्हणजे कमीत कमी. हे समजून घ्यायला तुमच्या ओळखीची दुसरी तीन अक्षरं घ्या, एमआरपी. बिस्किटाच्या पुड्यावर, साबणावर, तेलाच्या पिशवीवर ती छापलेली असते. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किरकोळ किंमत. त्याच्या वर दुकानदाराला घेता येत नाही. एमआरपी हे छत आहे आणि एमएसपी ही जमीन आहे. भाव हिच्याखाली जाऊ नये, अशी कल्पना. पण बिस्किटाच्या पुड्यावर किंमत छापलेली असते, सोयाबीनच्या पोत्यावर नसते. पोत्यावरचा आकडा आपल्याला डोक्यात ठेवावा लागतो.

दुसरा शब्द आधारभूत. आधार म्हणजे टेकू. आणि आपण म्हणतो हमी. इथं मोठी गंमत आहे. इंग्रजी नावात सपोर्ट आहे, गॅरंटी नाही. हमी हा शब्द आपण मराठीत घातला. सरकार भाव जाहीर करतं, काही माल त्या भावानं विकत घेतं, म्हणून बाजाराला टेकू मिळतो. पण प्रत्येक शेतकऱ्याचं प्रत्येक पोतं त्या भावानं विकलं जाईल अशी कायद्यानं बांधलेली हमी देशभरात नाही. ती मिळावी म्हणूनच तर शेतकऱ्यांनी २०२० आणि २०२१ साली दिल्लीच्या वेशीवर महिनोन्‌महिने ठाण मांडलं, तेव्हा तीही एक मागणी होती. म्हणून हमीभाव ऐकला की घरी बसून पैसे येतील असं समजू नका. नोंदणी केली, माल वेळेवर नेला, माल पास झाला, तरच तो भाव.

ही व्यवस्था आली कुठून? देशात धान्याची टंचाई होती, परदेशातून गहू आणावा लागत होता, तेव्हा १९६५ साली कृषी मूल्य आयोग नेमला गेला. १९६६-६७ मध्ये गव्हाला आधारभूत किंमत जाहीर झाली. शेतकऱ्यानं जास्त पिकवावं, आणि जास्त पिकवलं म्हणून भाव पडून त्याचंच नुकसान होऊ नये, हा हेतू. १९८५ साली त्या आयोगाचं नाव कृषी खर्च आणि मूल्य आयोग झालं. नावात खर्च हा शब्द आला. आज २२ पिकांना अशी किंमत जाहीर होते. उसाचा दर वेगळा ठरतो. आपल्या जिल्ह्यातली सोयाबीन, कापूस, तूर, मूग, उडीद, मका, ज्वारी, हरभरा ही सगळी पिकं त्या यादीत आहेत.

आता खर्च या शब्दापाशी थांबू, कारण इथं आपण बायका आहोत. आयोग खर्च धरतो तेव्हा पुन्हा अक्षरांचाच खेळ असतो. ए-टू म्हणजे खिशातून गेलेला खर्च. बियाणं, खत, फवारणी, डिझेल, बाहेरच्या मजुरांची मजुरी, शेत बटईनं किंवा खंडानं घेतलं असेल तर त्याचा खंड. त्यानंतर येतं एफएल. एफएल म्हणजे फॅमिली लेबर, घरच्या माणसांची मेहनत. ज्या कामाला कोणी मजुरी दिली नाही, त्याचं मजुरीच्या हिशोबानं धरलेलं मोल.

मैत्रिणींनो, हे एफएल म्हणजे कोण? निंदण कोण करतं? कपाशीची टोबणी आणि वेचणी कोण करतं? सोंगणीला वाकून वाकून कंबर कोणाची मोडते? घरी कोणी म्हणत असेल की बाई शेतात काय करते, तर त्याला सांगा की दिल्लीत बसून सोयाबीनचा भाव ठरवणाऱ्यांच्या कागदावर तुझ्या घरच्या बाईच्या कामाला रकाना आहे. त्यात आपण रांधून शेतात नेलेली भाकरी धरत नाहीत, घरी राखलेली लेकरं धरत नाहीत. पण निंदण-खुरपण धरतात. २०१८ पासून सरकारचं धोरण असं आहे, की ए-टू आणि एफएल मिळून जो खर्च येईल, त्याच्या किमान दीडपट भाव जाहीर करायचा. शेतकरी संघटनांचं म्हणणं आहे की स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याजसुद्धा धरा. त्या मोठ्या खर्चाला सी-टू म्हणतात. तो वाद चालू आहे. बातम्यांत सी-टू ऐकलंत तर घाबरू नका, अर्थ एवढाच.

२०२४ च्या सोयाबीनचा हिशोब बघा. सरकारनं धरलेला खर्च ३,२६१ रुपये. त्याच्या दीडपट, म्हणून भाव ४,८९२. म्हणजे खर्च वजा जाता १,६३१ रुपये हाती राहावेत असा कागदावरचा हिशोब. आमच्या काकूंना मिळाले ४,०५०. त्यांच्या हाती राहिले ७८९. निम्म्यापेक्षाही कमी. आणि हे उतारा चांगला आला तर. खर्च देशभराच्या सरासरीचा असतो. पाऊस खेचला किंवा जास्त झाला आणि एकरी उतारा घटला, तर क्विंटलमागचा आपला खर्च त्याहून वर जातो. मग आधी कापली जाते ती एफएलची मजुरी. ती कोणी मागायला येत नाही ना, म्हणून.

२०२५-२६ च्या हंगामाचे आकडे असे होते, लिहून घ्या. कागद नसेल तर भिंतीवर कोळशानं लिहा. सोयाबीन ५,३२८ रुपये. तूर ८,०००. मूग ८,७६८. उडीद ७,८००. मका २,४००. कापूस मध्यम धाग्याचा ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११०. सगळे आकडे एका क्विंटलचे.

नोंदणीला तीन गोष्टी लागतात. पिकाची नोंद असलेला सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. पिकाची नोंद म्हणजे ई-पीक पाहणी, ती आधी झालेली पाहिजे. कापसासाठी २०२५ साली ‘कपास किसान’ नावाचं ॲप आलं. नोंद सातबाऱ्यावरच्या नावानं होते आणि पैसेही त्याच नावाच्या खात्यात जातात. म्हणून सातबाऱ्यावर आपलं नाव असणं किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावानं शेत करून द्या म्हणून. तुमच्या गावातल्या जुन्या माणसांना विचारा, त्यांना आठवत असेल.

केंद्रावर गेलात की अजून तीन अक्षरं भेटतील, एफएक्यू. “माल एफएक्यू नाही,” असं म्हणून गाडी परत फिरवतात. फोनवर हीच अक्षरं दिसतात तेव्हा त्यांचा अर्थ असतो, लोक नेहमी विचारतात ते प्रश्न. धान्याच्या काट्यावर त्यांचा अर्थ असतो ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’, म्हणजे रास्त सरासरी दर्जा. माती, काडीकचरा, डागी दाणे आणि ओलावा ठरलेल्या मर्यादेत असला पाहिजे. सोयाबीनला ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. २०२४ साली पावसामुळं नोव्हेंबरात केंद्रानं त्या हंगामापुरती ती १५ टक्के केली होती. दरवर्षी तसं होईल हे धरून चालू नका. घरीच चाळणी मारा, दोन ऊन जास्त द्या. आणि माल नाकारला तर शांतपणे विचारा, “दादा, कशात नापास? ओलावा किती आला? यंत्रावरचा आकडा दाखवा.” एफएक्यू नाही, एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. एवढ्यानं काय सुधारायचं ते आपल्याला कळत नाही.

आता आमच्याबद्दल. काकूंच्या त्या वाक्यानंतर आम्ही आमचेच जुने निरोप काढून वाचले. लाज वाटली. सीआयएफ, व्हीओ, सीसी, एमसीपी. अर्धे निरोप असे, की आमच्याशिवाय कोणाला कळू नयेत. एका सखीला बँकेत सीआयएफ नंबर विचारला, तर ती म्हणाली, आमच्या गटाला सीआयएफ अजून मिळालाच नाही. बँकेत सीआयएफ म्हणजे खातेदाराची ओळख सांगणारा क्रमांक, जो पासबुकाच्या पहिल्या पानावर असतो. आपल्या बचतगटात सीआयएफ म्हणजे समुदाय गुंतवणूक निधी. बाई बरोबर होती, बँकेतले साहेबही बरोबर होते, आणि काम मात्र त्या दिवशी झालं नाही.

अक्षरं तोकडी केली की बोलणाऱ्याचा वेळ वाचतो. ऐकणाऱ्याचा दिवस जातो. कधीकधी आमच्या काकूंसारखे अकरा हजार जातात. आणि ज्याला लघुरूप कळत नाही तो गप्प बसतो, कारण विचारलं तर आपण अडाणी ठरू असं वाटतं. आमच्यातल्या एकीनं बी.ए. केलं आहे, तरी पहिल्या प्रशिक्षणात तिलाही निम्मी अक्षरं कळली नव्हती आणि तीही गप्पच बसली होती. म्हणून गप्प बसणाऱ्या बाईचा आम्हाला राग येत नाही. आता राग येतो तो निरोप धाडणाऱ्या आमच्या बोटांचा.

आम्ही एक नियम केला आहे. आमच्याकडून येणाऱ्या कोणत्याही निरोपात पहिल्यांदा पूर्ण नाव मराठीत येईल, मग लघुरूप. निरोपाखाली धाडणाऱ्या ताईचं नाव असेल, म्हणजे तो खरा की खोटा हे तुम्ही फोन करून विचारू शकाल. पैशाचा किंवा मुदतीचा निरोप असेल तर तो नुसता फोनवर येणार नाही, बैठकीत तोंडीही सांगितला जाईल.

तुमच्याकडूनही एक काम हवं आहे. या आठवड्याच्या बैठकीत वसुली आणि सह्या झाल्या की दहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकीनं न कळलेलं एक लघुरूप सांगायचं. बँकेतलं, दवाखान्यातलं, शाळेतलं, लेकराच्या फोनमधलं, कुठलंही चालेल. सचिवानं ते वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. ज्याचं पूर्ण नाव गटात कोणालाच येत नाही ते आम्हाला कळवा, आम्ही शोधून सांगू. आणि पुढं कोणी तीन अक्षरं फेकली की दोन प्रश्न विचारायचे: “याचं पूर्ण नाव काय? आणि यात माझं काय जाणार, काय येणार?” हे दोन प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. सही करण्याआधी तर विचाराच.

त्या काकूंनी पुढच्या हंगामात काय केलं ते सांगून थांबतो. फोनमध्ये आमचा नंबर त्यांनी मुलीकडून ‘हमीभाव ताई’ या नावानं जतन करून घेतला आहे. ई-पीक पाहणी पूर्ण केली आहे. आणि मुलीनं चुलीमागच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे: ‘एमएसपी म्हणजे हमीभाव. सोयाबीन ५,३२८.’ खाली बारीक अक्षरांत तिनं अजून एक ओळ लिहिली आहे: ‘माझी एमएसपी वेगळी.’

भेटू पुढच्या वेळी. तोवर राम राम.